पन्नास पैशांची दुधाची पिशवी आणि भावी नगरसेवक

"मॅडम, कॅरीबॅग हवी का?" हा प्रश्न कपड्यांच्या मोठ्या दुकानात ज्या स्वरात विचारला जातो, त्या स्वराचा मला मनापासून राग येतो. बिल झालेलं असतं, पैसे गेलेले असतात, मागे आठजण रांगेत ताटकळत असतात आणि काउंटरवर आपला एक कुर्ता, दोन टी-शर्ट उघडेवाघडे पडलेले असतात. तेव्हा विचारतात. जणू काही आपल्याला चॉइस आहे! 'नको' म्हणालात तर कुर्ता काखेत मारून बसस्टॉप गाठा. 'द्या' म्हणालात तर दहा रुपये. वर त्या पिशवीवर दुकानाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत, की लक्ष्मी रोडच्या पलीकडच्या टोकावरून वाचता यावं. म्हणजे जाहिरात त्यांची, हमाली आपली आणि पैसेही आपलेच. कारण विचारलं की उत्तर तयार असतं, "एन्व्हायर्न्मेंटसाठी मॅडम."

चंदीगडमधल्या एका ग्राहकाला हे पटलं नाही. बुटांच्या एका नामवंत कंपनीने त्याच्याकडून कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले होते. तो ग्राहक मंचात गेला आणि २०१९ मध्ये मंचाने कंपनीला दंड, भरपाई, खर्च असं सगळं मिळून सुमारे ९ हजार रुपयांना पडेल असा निकाल दिला. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एका मोठ्या रिटेल साखळीच्या प्रकरणात सांगितलं, की आधी काहीही कल्पना न देता बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आता दुकानवाले काय करतात? दारात ए-फोर कागदावर बारीक अक्षरात नोटीस लावतात. झाली कल्पना देऊन. ती वाचायला गुडघ्यात वाकावं लागतं, पण आहे. तुम्हाला वाद घालायची हौस असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तीन रुपयांसाठी फोन करायला लाज वाटते, आणि दुकानाचा हिशेब नेमका त्या लाजेवर चालतो.

बरं, पिशवी नाकारायची तर कापडी पिशवी सोबत हवी. इथे दुसरी गंमत आहे. मंडईत, मेडिकलमध्ये, मिठाईवाल्याकडे जी रंगीत, जाळीदार दिसणारी 'कापडी' पिशवी मिळते ना, ती कापड नाहीच. ती नॉनवोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. शुद्ध प्लॅस्टिक. विश्वास बसत नसेल तर आईच्या कपाटात खाली घडी करून ठेवलेल्या जुन्या पिशव्या काढून बघा. लग्नात नारळ-ब्लाउजपीस ज्यात मिळाला होता ती पिशवी उघडली की हातात भुगा येतो. कापडाचा असा भुगा होत नाही हो. आजीची जुन्या परकराची पिशवी तीस वर्षं टिकलीये. हा भुगा झाडून आपण मोरीत टाकतो, आणि मनात समाधान की आपण प्लॅस्टिक वापरत नाही.

तर कायद्याकडे येऊ. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिक आणि थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली, आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. मी तेव्हा नववीत होते. शाळेत निबंध, घोषवाक्य, पथनाट्य, सगळं झालं. दंड असा: पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने तुरुंग. पहिल्या आठवड्यात लोक एवढे घाबरले होते, की आमच्या सोसायटीत एक काका दूध आणायला स्टीलची बरणी घेऊन निघाले. दूध पिशवीतलंच होतं. ते पिशवी बरणीत लपवून आणायचे.

या अधिसूचनेतला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे हीच दुधाची पिशवी. तिच्यावर बंदी नव्हती, पण अट होती. पिशवी जाड हवी आणि तिच्यावर परत घेण्याची किंमत छापलेली हवी, किमान ५० पैसे. आपण रिकामी पिशवी परत द्यायची, दुकानदाराने ५० पैसे द्यायचे, कंपनीने त्या गोळा करून रिसायकल करायच्या. कागदावर किती सुंदर! आता प्रॅक्टिकली बघा. आमच्या फ्लॅटवर आम्ही चौघी, रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या. दिवसाला १ रुपया, वर्षाला ३६५. चौघींची एक पावभाजी पार्टी सहज निघते. म्हणून मी एका महिन्याच्या साठ पिशव्या धुतल्या, आजी चिकटवते तशा ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवल्या आणि डेअरीवर नेल्या. डेअरीवाल्या काकांनी आधी पिशव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे काय आणलंस?"

"काका, पन्नास पैसे परत मिळतात ना?"

"कोण देतं?"

"तुम्ही."

"आणि मला कोण देतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला वाटतं सरकारकडेही नव्हतं. काकांनी वर हेही सांगितलं, की पन्नास पैशाचं नाणं त्यांनी शेवटचं कधी बघितलं ते आठवत नाही. पंचवीस पैसे २०११ मध्ये चलनातून गेले. पन्नास पैसे कायद्याने अजूनही चालतात, फक्त बाजारात कोणी घेत नाही. म्हणजे बाजारात न चालणाऱ्या नाण्यावर आपण अख्खी योजना उभी केली. शेवटी त्या साठ पिशव्या भंगारवाल्याने किलोवर घेतल्या. पैसे इतके किरकोळ होते की पावभाजी सोडा, नुसता पावही आला नसता. पण घेतल्या. धुतलेल्या, वाळलेल्या दुधाच्या पिशवीला भंगारात किंमत आहे, ही गोष्ट आपल्या आज्यांना अधिसूचनेच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

ज्याला भंगारातही किंमत नाही, ते म्हणजे वेफर्सचं पाकीट. बाहेरून प्लॅस्टिक, आत चकचकीत थर, सगळे एकमेकांना चिकटलेले. वेगळे करता येत नाहीत, म्हणून रिसायकल करणं परवडत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये कचरा घ्यायला येणाऱ्या मावशी बादली उलटी करून दहा सेकंदांत सॉर्टिंग करतात. बाटली इकडे, पुठ्ठा तिकडे, दुधाची पिशवी पोत्यात. वेफर्सची पाकिटं आणि बिस्किटांचे पुडे सरळ ढिगात. "याला कोण विचारत नाही गं," एवढंच म्हणतात. मावशींची कमाई त्या पोत्यात असते, ढिगात नाही. तरी तो ढीग उचलायचा त्यांनीच. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, पुढे त्यातूनच घरोघरी कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. पाकीट काढणाऱ्या कंपन्यांनी आपला कचरा स्वतः निस्तरावा, असा नियमही आता देशात आहे. पण २०१८ च्या बंदीत कारखान्यातच पॅक होऊन येणाऱ्या मालाला अटी घालून सूट मिळाली होती. आठवड्याभरात किराणा दुकानदारांनाही पॅकिंगपुरती सवलत मिळाली. मग उरलं कोण? मेथीची जुडी विकणारी बाई. तिच्याकडे पातळ पिशवी सापडली की ५ हजार. तिची अख्खी पाटी विकली तरी होणार नाहीत एवढे.

आणि गिऱ्हाईकही कसलं! स्कूटरवरून उतरायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही, "मावशी, कोथिंबीर द्या, पिशवीत द्या." पिशवी नाही म्हटलं की स्कूटर पुढच्या गाडीवर. बाईने काय करावं? पिशवी पाटीखाली लपवते.

गुटख्याचं तर बोलूच नका. राज्यात २०१२ पासून गुटखा बंद आहे. प्लॅस्टिकच्या पुडीत तो भरणं तर त्याआधीच बंद झालं होतं. म्हणजे आतली वस्तू बंद, बाहेरची पुडीही बंद. आमच्या कॉलेजच्या गेटपासून रिक्षा स्टँडपर्यंत चालत जा आणि काय दिसतं ते मोजा.

आता माझा खरा मुद्दा. शहरातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात जाड आणि सगळ्यात बिनधास्त प्लॅस्टिक पिशवीत नसतंच. ते चौकात असतं, आणि त्यावर एक दादा हात जोडून हसत असतात. बाजूला पासपोर्ट साइजचे चाळीस चेहरे आणि वर 'भावी नगरसेवक'. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि पुढची साडेतीन वर्षांहून जास्त काळ निवडणूकच झाली नाही. तेवढा काळ हे सगळे दादा भावीच राहिले. दर वाढदिवसाला नवा फ्लेक्स. आमच्या चौकात एका दादांचे वर्षात तीन वाढदिवस झाले: एक त्यांचा, एक त्यांच्या नेत्याचा आणि एक त्यांच्या लेकाचा. लेक पाच वर्षांचा, गॉगल लावून, 'युवा हृदयसम्राट'.

फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत स्ट्रॉ, काटे-चमचे, कान कोरायच्या काड्या, मिठाईच्या डब्यावरचा पातळ कागद यांच्यासोबत १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक आणि पीव्हीसी बॅनरही आहेत. पळवाट दिसली? १०० च्या वर गेलात की सुटलात. तुमच्या नारळपाण्यातला स्ट्रॉ गेला, तो कागदी झाला आणि तिसऱ्या घोटाला त्याचा लगदा झाला. दादांचा वीस फुटी फ्लेक्स जागेवर आहे, उलट जाड झालाय.

परवानगीशिवाय बॅनर लावण्याविरुद्धही कायदा आहे, १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा. त्यात तुरुंगाची तरतूद आहे, पण दंड जास्तीत जास्त २ हजार रुपये. पुन्हा वाचा. मेथीवाल्या बाईला पहिल्याच वेळी ५ हजार, चौक झाकणाऱ्याला फार तर २ हजार. आणि गुन्हा कोणावर? ज्याचा फोटो आहे त्याला विचारलं तर तो म्हणतो, कार्यकर्त्यांनी प्रेमापोटी लावला. कार्यकर्त्यांची नावं फोटोखाली, जमल्यास मोबाइल नंबरसकट असतात, पण ते कुणालाच सापडत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा होर्डिंगवर कडक आदेश दिले आणि त्यानंतरही कित्येकदा प्रशासनाला फैलावर घेतलं.

होर्डिंगचं प्रकरण नुसतं दिसायला वाईट एवढंच असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात जाहिरातीचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. मुंबईत ४० बाय ४० फुटांपर्यंत परवानगी मिळते. ते होतं १२० बाय १२०. म्हणजे लांबी-रुंदी तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात रेल्वे स्टेशनजवळ होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर पडून चौघं गेले होते. ती माणसं फक्त सिग्नल सुटायची वाट बघत होती. त्या चौकातून मी रोज जाते. लाल दिवा असताना वर बघायची सवय मला तिथेच लागली.

पर्यावरण दिनाला तर कहरच असतो. 'झाडे लावा, झाडे जगवा' हा फ्लेक्स मी झाडालाच चार खिळे ठोकून लावलेला बघितलाय. आणि फक्त पुढाऱ्यांनाच बोलायचं असेल तर जरा कॉलेजच्या फेस्टची आठवण काढू. मेन गेटवर एक, कॅन्टीनवर एक, स्पॉन्सरचे सहा, सेल्फी पॉइंट वेगळा. तीन दिवसांनी हे सगळं जातं कुठे, हे मी यंदा आमच्या फेस्ट कमिटीला विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. शिपाईकाकांना माहीत होतं. दोन फ्लेक्स त्यांनी गावी कांद्याच्या चाळीवर टाकायला नेले होते, बाकीचे कचऱ्याच्या गाडीत गेले. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं जिथे ओतला गेला त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी विहिरींचं पाणी खराब होताना बघितलंय, कचऱ्याच्या गाड्या अडवून आंदोलनं केलीत. त्यांच्या गावात ना आमचा फेस्ट होतो ना दादांचा वाढदिवस.

यंदाच्या फेस्टला कापडी बॅनर हाताने रंगवायचा ठराव आमच्या वर्गाने मांडलाय. ट्रेझरर म्हणतो, फ्लेक्स स्वस्त पडतो. खरं आहे, पडतो. मीटिंग पुढच्या शनिवारी आहे.

दरम्यान, आमच्या चौकातले दादा एकदाचे खाली उतरलेत. पाऊस सुरू होण्याआधी बाजूच्या टपरीवाल्याने ते छपरावर ताणून बांधले, चेहरा आतल्या बाजूने. चहा घेताना वर बघितलं की दादा उलटे, हात जोडून हसतायत. यंदा टपरी गळत नाही म्हणे.