एकाच बाईचे चार साइज

कपाट उघडून लेबलं वाचायला घेतली तर बहुतेक बायकांच्या कपाटात असा प्रकार सापडेल: एका कुर्त्यावर एल, दुसऱ्यावर डबल एक्सएल, जीन्सवर ३४ आणि परदेशी ब्रँडच्या टॉपवर चक्क मीडियम. चारही कपडे आज अंगाला व्यवस्थित बसतात. तरी ट्रायल रूममध्ये चेन अर्ध्यावर अडकली, की कपड्याला नावं ठेवणाऱ्या बायका कमीच. ‘मीच सुटलेय’ हे आधी तोंडातून निघतं. मापांबद्दल आणि वाढत्या वयाबद्दल आपल्या डोक्यात जे पक्कं बसलेलं आहे, त्यातलं बरंच चुकीचं आहे, काही अर्धवट खरं.

गैरसमज: एल म्हणजे एल. ते ठरलेलं माप असतं.

इंच ठरलेला असतो, एल नसतो. आपल्याकडे कुर्त्यांच्या बाजारात साधारण एम म्हणजे ३८, एल म्हणजे ४०, एक्सएल म्हणजे ४२ असा हिशेब चालतो. पण हे ४० कशाचं? कोणी अंगाची छाती लिहितं, कोणी शिवून तयार झालेल्या कुर्त्याची. श्वास घ्यायला, हात वर करायला कपड्यात दोन-तीन इंच सैलपणा ठेवावाच लागतो. त्यामुळे एका दुकानातला ४० नंबर ४० इंच छातीच्या बाईसाठी असतो आणि शेजारच्या दुकानातला ३७-३८ वाल्या बाईसाठी. दोघांवरही एल लिहिलेलं असतं आणि दोघंही आपल्या परीने खरं बोलत असतात.

कारखान्यात काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. कंपनी आधी एकाच मापाचा नमुना बनवते. तो एखाद्या मॉडेलच्या अंगावर घालून सुधारला जातो. ही मॉडेल कंपनीच्या मनातल्या गिऱ्हाइकासारखी असते: कॉलेजच्या मुलींसाठी कपडे करणाऱ्यांची सडपातळ, ऑफिसच्या बायकांसाठी करणाऱ्यांची जरा भरलेली. बाकीचे सगळे साइज या एका नमुन्यावरून ठरावीक इंचांनी वाढवत आणि कमी करत काढतात. छाती वाढवली की त्या प्रमाणात खांदा, मुंढा, बाहीही वाढते. कागदावरची बाई सगळीकडून सारखीच रुंद होते. खऱ्या बाईचे खांदे मात्र विशीत होते तेवढेच राहतात आणि पोट, दंड, पाठ वाढते. म्हणून डबल एक्सएलमध्ये छाती कशीबशी बसते, पण खांद्याची शिवण दंडावर उतरते आणि गळा सारखा एका बाजूला घसरतो.

शिवाय कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून एकदम कापतात. वरच्या आणि खालच्या थरात थोडा फरक पडतो, शिवणीत आणखी थोडा, पहिल्या धुण्यात आणखी. कंपन्या एवढा फरक चालवून घेतात. एकाच रॅकवरच्या, एकाच साइजच्या दोन जीन्सपैकी एक बसते आणि दुसरी बसत नाही, त्याचं कारण हे. दोन्ही घालून पाहिल्याबद्दल दुकानदार वैतागला तर वैतागू द्यावं.

गैरसमज: पूर्वी साइज नीट होते, हल्लीच गोंधळ झाला.

तयार कपड्यांचे साइज शास्त्रीय पद्धतीने ठरवण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला आणि तो केला कृषी खात्याने. तिथलं गृहशास्त्राचं काम त्याच खात्याकडे होतं. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. अहवाल १९४१ मध्ये निघाला. त्यात हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या स्त्रिया. इतर स्त्रियांची मापं घेतली गेली तरी वापरली नाहीत. या आकड्यांवर बेतलेलं प्रमाण १९५८ मध्ये आलं, १९७० मध्ये सुधारलं गेलं आणि १९८३ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. ते कोणावर बंधनकारक नव्हतंच. कंपन्या आपापल्या मापाने चालल्या होत्या.

त्यांना हवंही तेच होतं. बाईला लहान आकडा दाखवला की ती खूश होते आणि कपडा घेते, हे दुकानदारांना पाठ्यपुस्तकाशिवाय कळलं. मग आकडा तोच ठेवून आतलं कापड हळूहळू वाढत गेलं. आज अमेरिकेत ८ नंबरचा म्हणून मिळणारा ड्रेस १९५८ च्या तक्त्यातल्या १६ नंबरच्या आसपास जातो. तेव्हाचा ८ नंबर इतका लहान होता, की आजचा तिथला सगळ्यात छोटा ‘डबल झिरो’ही त्याहून मोठा भरतो. आईचा जुना परदेशी फ्रॉक त्याच नंबरच्या लेकीला होत नाही, तेव्हा लेकीने स्वतःला जाड म्हणायचं काही कारण नाही.

युरोपने जरा शहाणपणा केला. तिथल्या ईएन १३४०२ या प्रमाणात छोट्या चित्रावर अंगाची मापं सेंटिमीटरमध्ये छापायची सोय आहे. पण तेही ऐच्छिकच.

गैरसमज: पुरुषांचं बरं असतं, त्यांच्या पँटवर इंच लिहिलेले असतात.

लिहिलेले असतात, पाळलेले असतातच असं नाही. २०१० मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकाच्या लेखकाने वेगवेगळ्या ब्रँडच्या ३६ कंबरेच्या पँटी टेपने मोजल्या. एक तर ४१ इंच भरली. खुशामत दोघांचीही होते. तरी पुरुषांना कंबर आणि लांबी असे दोन आकडे मिळतात, बाईला मात्र छाती, कंबर, सीट, उंची सगळं एका अक्षरात कोंबून. ही तक्रार माझी कायम आहे.

गैरसमज: चाळिशीत मेटाबॉलिझम मंदावतो आणि मग कपडे घट्ट होतात.

कपडे घट्ट होतात हे खरं. कारण बहुधा ते नव्हे. हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या माणसापर्यंत, २९ देशांतल्या ६,४०० हून जास्त लोकांचा ऊर्जाखर्च त्यात पाहिला होता. शरीराचा आकार आणि स्नायू-चरबी यांचा हिशेब वजा केल्यावर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर दिसला. पाळी जाण्याच्या सुमाराला वेगळी घसरणही दिसली नाही. साठीनंतर तो दरवर्षी सुमारे ०.७ टक्क्याने उतरतो.

मग चाळिशी-पंचेचाळिशीत होतं काय? चरबी जागा बदलते. भारतात बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते आणि त्याआधी काही वर्षं इस्ट्रोजेन वरखाली होत उतरायला लागतं. ते भरपूर असतं तेव्हा चरबी मांड्या आणि नितंबांवर साठते. ते कमी झालं की पोटाकडे वळते. दुसरीकडे तिशीनंतर दर दशकाला तीन ते आठ टक्के स्नायू कमी होत जातात, व्यायाम नसेल तर जास्तच. त्याच वजनाची चरबी स्नायूपेक्षा जास्त जागा व्यापते. काटा जागचा हलला नाही तरी मांडीत सैल झालेली सलवार कंबरेत रुतते. दोन्ही एकाच वेळी घडतं, म्हणून एक साइज वर जाऊनही प्रश्न सुटत नाही. कंबर बसते आणि मांडीत कापड लोंबतं.

हाडंही गप्प बसलेली नसतात. वीस वर्षांनंतर हाडांची वाढ थांबते असं आपण शाळेत शिकलो. ते उंचीपुरतं. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये २० ते ७९ वयाच्या २४६ जणांचे सीटी स्कॅन तपासले. वाढत्या वयाबरोबर कटीचं हाड रुंद होत जाताना दिसलं, विशीच्या तुलनेत सुमारे इंचभर. रुंदीत इंच म्हणजे घेरात तीन इंचांच्या आसपास. हे तीन इंच पोळीला तूप न लावून कमी होणारे नाहीत.

उंचीचं उलटं. बाल्टिमोरच्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात तिशी ते सत्तरी या काळात स्त्रियांची उंची सरासरी पाच सेंटिमीटरने घटलेली आढळली, पुरुषांची तीन. मणक्यांमधल्या चकत्या चपट्या होतात, पाठीला बाक येतो, फासळ्या कटीच्या हाडाजवळ येतात. मधली कंबर आखूड झाली, की तेवढंच पोट पुढे दिसतं. ब्लाऊज मागून वर चढतो आणि पुढे चुण्या पडतात.

इथे अर्धं सत्य असं, की कंबरेकडे लक्ष द्यायलाच हवं, फक्त लेबल पाहून नव्हे. दक्षिण आशियातल्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने धरली आहे. टेप त्याच्या पुढे गेली तर डॉक्टरांशी बोलावं, मग कुर्त्यावर एस लिहिलेलं असो की आणखी काही.

गैरसमज: डी कप म्हणजे मोठा, ए म्हणजे लहान.

ही अक्षरं १९३२ मध्ये एस. एच. कॅम्प या अमेरिकी कंपनीने आणली. कप हा एकटा मोजायचा नसतो. छातीचा सगळ्यात भरलेला घेर आणि त्याखालचा पट्ट्याचा घेर यांतला फरक म्हणजे कप. त्यामुळे ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी यांच्या वाट्यांत जवळपास सारखंच मावतं, बदलतो तो पट्टा. वय वाढेल तशी स्तनांतल्या ग्रंथींची जागा चरबी घेते, भरीवपणा कमी होतो आणि आकार खाली-बाजूला सरकतो. पंचविशीत ठरलेला नंबर पन्नाशीत लागू पडेल याची काही शाश्वती नाही. पट्टा मागून वर चढत असेल तर तो सैल आहे. बहुतेक जणी अशा वेळी खांद्याचे बंद आवळतात आणि मान दुखते म्हणून बाम लावतात.

चपलांचंही तेच. आयोवा विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात ४९ गर्भवतींची पावलं आधी आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली. ६० ते ७० टक्के जणींची पावलं लांब किंवा रुंद झाली होती आणि तशीच राहिली होती.

गैरसमज: साडी बरी, तिला साइज नसते.

साडीला नसते, परकराच्या नाडीला असते. वजन वाढो, पोट पुढे येवो, नाडी रोज त्याच जागी तशीच करकचून बांधली जाते. तिथली कातडी काळी पडते, सोलवटते आणि आपण खोबरेल लावून परत तिथेच गाठ मारतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन रुग्णांची हकीकत लिहिली. वर्षानुवर्षांच्या या घर्षणातून कंबरेवर जखम होऊन तिथे त्वचेचा कर्करोग झालेल्या या दोन वृद्ध स्त्रिया. एक परकरावर साडी नेसणारी, दुसरी परकराशिवाय घट्ट लुगडं नेसणारी. असा कर्करोग फार दुर्मीळ आहे, घाबरून साडी सोडायची गरज नाही. नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर घ्यावा, गाठ वरखाली करावी, सैल बांधावी. कंबरेवरची जखम महिनाभरात भरली नाही, तर मलमं बदलत न बसता दाखवून यावी.

गैरसमज: शिंप्याकडे मापाचा ब्लाऊज दिला की काम झालं.

मापाचा ब्लाऊज हे त्या दिवशीच्या अंगाचं माप असतं, ज्या दिवशी तो शिवला. सात-आठ वर्षं तोच पुढे करत राहिलं, तर शिंपी जुन्या बाईसाठी नवा ब्लाऊज शिवतो. दर दोन-तीन वर्षांनी आणि बाळंतपण, पाळी जाणं किंवा मोठ्या आजारपणानंतर अंगावरून माप द्यावं, तेही नेहमी घालतो ती ब्रा घालून. पन्नाशीनंतर पाठीची रुंदी, मुंढा आणि दंडघेर वेगळे मोजायला सांगावेत. शिंपी घाईत फक्त छाती आणि कंबर घेतात. शिवणीत दोन्ही बाजूंना इंच-इंच माया सोडायला सांगावी. तयार कपड्यात मायेला जागा नसते, तेवढं कापड वाचवणं हाच तर तिथला धंदा आहे.

गैरसमज: भारताचा स्वतःचा तक्ता आला की सगळं सुटेल.

तक्ता हवा आहे, यात शंका नाही. आजवर आपले बरेचसे साइज अमेरिकी आणि ब्रिटिश तक्त्यांवरून उचललेले आहेत. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठिंब्याने ‘निफ्ट’ या संस्थेने ‘इंडियासाइज’ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळुरू आणि शिलाँग इथे २५,००० हून जास्त स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, अशी योजना. पुण्या-नागपूरच्या बायकांना निदान मुंबईच्या बायकांची मापं तरी लागू होतील. मात्र तक्ता आला म्हणून कंपन्या तो वापरतीलच असं नाही, अमेरिकेत काय झालं ते वर आलंच आहे. आणि या सर्वेक्षणाची वयोमर्यादा १५ ते ६५ आहे. पाठीला बाक येतो, उंची झपाट्याने उतरते, बाहीत हात घालायला खांदा वळत नाही, ते वय बहुतेकींचं ६५ नंतरचं असतं. त्या बायका या मोजणीत नाहीतच.