दोरीच्या गाठी

मी तिरोड्यात ब्लाउज शिवते. गळ्याची गोलाई, बाहीचा मुंढा नुसत्या नजरेनं कापते. पण टेपवरचा आकडा वहीत उतरेपर्यंत छत्तीसचे त्रेसष्ट होतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी दोरी ठेवते: छातीची एक गाठ, कमरेची दुसरी, टोकाला नावाची चिठ्ठी. गाठ कापडावर धरायची नि खडूनं खूण करायची.

आकड्यांच्या या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, हे चाळिशीत कळलं, तेही मुलीच्या तपासणीत. नागपूरच्या डॉक्टरांनी मलाच विचारलं, "ताई, तुम्हाला काट्यांचं घड्याळ वाचता येतं?" नाही येत. गोंदिया स्टेशनच्या फलकावर १५:४० दिसलं की मी शेजारच्याला विचारते, "भाऊ, तिरोड्याची गाडी यायच्या आत चहा पिऊन होईल का?"

चार सुपाऱ्या बहुतेकांना न मोजता चार दिसतात. मला मोजाव्या लागतात. 'किती' याची जाण मेंदूच्या पार्श्विका खंडात असते आणि ती आमच्यात जन्मापासून कच्ची असते, असं बऱ्याच संशोधकांचं मत आहे. बुद्धीशी तिचा संबंध नाही. लादिस्लाव कोश्च या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये डिस्कॅल्क्युलियावर सविस्तर लिहिलं. शंभरातल्या तीन ते सात जणांना हा त्रास असतो असं मानतात. म्हणजे आमच्या बाजारपेठेतही माझ्यासारखे कितीतरी असणार, 'ढ' म्हणून गप्प बसवलेले.

त्यात मराठी अंक. 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी, लिहिताना चार आधी. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी जोड दिली तेव्हा केवढी टीका झाली! बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकरांचे मी मनोमन आभार मानले. मला लहानपणी कुणी तसं शिकवायला हवं होतं.

मुलीलाही हाच त्रास आहे; तिला आता दहावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि कॅल्क्युलेटर मिळेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचं नावच आहे. पण बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची जी चाचणी आपल्याकडे चालते, ती शाळकरी मुलांसाठी बेतलेली. माझ्या वयाच्या बाईला कोण तपासणार? बँकेतला फॉर्म भरताना 'रक्कम तुम्ही लिहा, मी वाचून सही करते' एवढं म्हणायलाही मला तपासणीचा कागद लागतो. तो कागद मोठ्यांनाही जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावा, यासाठी मी हे मुलीला सांगून लिहून घेतलं आहे.