दहा मिली, एक मिनिट

सकाळी ९.१०
कराडच्या एसटी स्टँडवर ती उतरते. गावाहून येते, बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच हातभार. दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. पगार नऊ हजार. पेशंट तिला सिस्टर म्हणतात, डॉक्टर ताई.

९.३०
फरशी झाली की थुंकायचं भांडं. जाळीत कापसाचे धागे अडकलेले असतात. ते चिमट्यानं ओढायचे, ब्रशनं घासायचं, जंतुनाशक ओतायचं. मग ऑटोक्लेव्ह उघडायचा. १२१ अंशांवर वाफवलेल्या हत्यारांची पाकिटं एकेक करून बघायची, पट्टीचा रंग बदललाय का. शेवटी कागदी ग्लास मांडायचे. पेशंटमागे दोन लागतात.

१०.४०
पहिलं काम दात साफ करण्याचं. खुर्चीत बसलेल्या काकांना ती क्लोरहेक्सिडिन मोजून देते, दहा मिली. "काका, खळखळून. मिनिटभर. गिळायचं नाही." नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. पंधरा सेकंदांत काका थुंकायला वाकतात. "अजून, काका, अजून." मशीन सुरू झालं की टोकाला पाण्याचे तुषार उडतात, तोंडातले जंतू घेऊनच. आधी चूळ भरली तर ते कमी उडतात. सक्शनची नळी धरून सगळ्यात जवळ उभी असते ती ताईच.

११.३०
एक तरुण. दातांवर तपकिरी थर. ब्रश केला की रक्त यायचं, म्हणून त्यानं ब्रश सोडला. कधीतरी लिहून दिलेलं माउथवॉश मेडिकलमधून स्वतःच आणत राहिला, चार महिने. डाग त्याच औषधाचे. चवही बिघडली आहे. डॉक्टर हिरडीच्या कडेनं सळई फिरवतात आणि पिवळट, चिकट साका काढून त्याला आरशात दाखवतात. दाताला धरलेला हा साका चुळीनं निघत नाही. तो घासूनच निघतो. रक्त येतं तेही त्याच्यामुळेच. ब्रश सोडला की साका वाढतो, आणि रक्तही.

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात. खरं समजावणं आता सुरू होतं, आणि मला ते दवाखान्यातलं फार मोलाचं काम वाटतं. ताई प्लास्टिकचा जबडा हातात घेते. ब्रश मऊ, तिरका, हिरडीला लागून. औषध आता एकच आठवडा, दोन वेळा. ब्रशनंतर अर्धा तास थांबून, कारण पेस्टच्या फेसानं औषधाचा जोर कमी होतो. नंतर लगेच पाणी नाही.

"पाणी घालून वापरलं तर दोन आठवडे पुरंल ना?" तो विचारतो. दीडशे मिलीची बाटली, दिवसाला वीस मिली, आठवड्यात संपते. सव्वाशे-दीडशे रुपये जातात.

"या बाटलीत पाणी घालायचं नाही. पैसे वाचवायचे तर ब्रश नीट करा, दुसरी बाटली लागायची नाही."

२.००
डबा. भाकरी, मेथी. वीस मिनिटांत हात धुऊन परत.

४.१५
एक आजी. तर्जनीचं टोक काळं. दिवसातून तीन-चारदा मशेरी.
"वास जायचं औषध द्या बाई. नातवंडं जवळ येईनात."
"मशेरी लावल्यावर काय करता, आजी?"
"चूळ भरती की. त्वांड साफच."
डॉक्टर गाल बाजूला करतात. आत पांढरा चट्टा, पुसला तरी न जाणारा. ताई दिवा जवळ ओढते. मशेरी बंद, दोन आठवड्यांनी परत यायचं, चट्टा राहिला तर तुकडा तपासायला पाठवायचा. आजी अजून बाटलीचंच विचारत असतात. ताई खाली बसून त्यांचा हात धरते. "वास जाईल आजी, पण चट्टा बाटलीनं जायचा नाही. मशेरी सोडायची. सुनेला घेऊन या, मी तिच्याशी बोलते." पुढची तारीख ती ठळक आकड्यांत लिहून देते.

७.५०
हत्यारं धुऊन, पुसून, पाकिटात. जाड हातमोजे घालूनही बोटं दुखतात. तेवढ्यात फोन. दुपारी दाढ काढलेल्या मुलाची आई.
"सिस्टर, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करू का आता?"
"आज अजिबात नाही. थुंकायचंही नाही, रक्ताची गुठळी निघेल. उद्या दुपारनंतर कोमट पाणी, एक ग्लास, अर्धा चमचा मीठ. जोरात नाही, नुसतं तोंडात फिरवून सोडून द्यायला सांगा. आणि बाकीचे दात रात्री घासायचेच."