घोणसाचे विष आणि रक्तातील कात्र्या

बेळगावच्या उत्तरेकडील कडोली परिसरात भात, बटाटा, रताळी आणि भाजीपाला पिकतो. गोव्याच्या बाजारपेठेत येणारी बरीचशी भाजी बेळगावच्याच शिवारांतून येते. उंदरांच्या मागावर घोणस हा विषारी सापही शेतात शिरतो. त्याच्या दंशानंतर हिरड्यांतून वा लघवीतून रक्त का येऊ लागते, याचे उत्तर प्रथिने कापणाऱ्या विकरांत, म्हणजेच प्रोटिएज नावाच्या एन्झाइममध्ये आहे.

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. प्रोटिएज ती साखळी ठरावीक कडीपाशी तोडते. डाळ, मासे, अंडी यांतील प्रथिने पचवणे हे तिचे परिचित काम. मात्र अशी धारदार कात्री शरीरात उघडी ठेवणे धोक्याचे असते. म्हणून स्वादुपिंडात तयार होणारे ट्रिप्सिन आधी निष्क्रिय असते. लहान आतड्यात पोहोचल्यावर दुसरे विकर त्याचा छोटा तुकडा कापते आणि मगच ते कामाला लागते. हे स्वादुपिंडातच वेळेआधी घडले, तर ती ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते.

रक्त गोठण्याची क्रियाही याच तत्त्वावर चालते. रक्तातील गोठण घटक यकृतात तयार होतात आणि निष्क्रिय रूपात वाहत असतात. जखम झाली की एक घटक दुसऱ्याला कापून जागा करतो. या साखळीत दहावा घटक सक्रिय झाला की तो प्रोथ्रोम्बिनपासून थ्रोम्बिन तयार करतो. थ्रोम्बिन हीसुद्धा प्रोटिएजच. ती रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे बारीक तुकडे कापते आणि फायब्रिनचे धागे विणले जाऊन गुठळी बनते. जखम भरत आली की प्लाझ्मिन नावाची प्रोटिएज तेच धागे कापून काढते.

घोणसाच्या विषातील प्रोटिएज या व्यवस्थेत मधूनच घुसतात. जखमेचा संकेत नसतानाही त्या पाचवा आणि दहावा घटक सक्रिय करतात. फुरशाचे विष तर थेट प्रोथ्रोम्बिनलाच कापते. परिणामी रक्तात जागोजागी सूक्ष्म धागे बनतात, फायब्रिनोजेनचा साठा संपतो आणि पुढे रक्त गोठेनासे होते. घोणसाच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. नाग आणि मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जासंस्थेवर आघात करते. म्हणून त्यांच्या दंशाची लक्षणे वेगळी असतात.

याच ज्ञानावर रुग्णालयातील एक साधी चाचणी उभी आहे. रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर रक्त पातळच राहिले, तर विषाने गोठण घटक संपवले असल्याचे समजते. प्रतिविष रक्तातील विषाला निष्प्रभ करते. पण संपलेले फायब्रिनोजेन यकृतालाच पुन्हा तयार करावे लागते. त्याला काही तास लागतात, म्हणून ही चाचणी साधारण सहा तासांनी पुन्हा केली जाते.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांत ग्रामीण भागातील शेतकरी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक केले.

दंशाच्या जागी चिरा देणे घोणसाच्या बाबतीत विशेष घातक ठरते, कारण न गोठणारे रक्त त्या जखमेतून वाहतच राहते. दोरी करकचून बांधणे, विष चोखणे किंवा मांत्रिकाकडे जाणे यांत मोलाचा वेळ जातो. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्याला तातडीने न्यावे. शेतात उतरताना पायांत बूट आणि अंधारात हाती विजेरी असावी.