जादा डावातील दोन गुणांचा प्रश्न

अनिश्चित परिस्थितीत घ्यावयाच्या निर्णयाचे गणित समजावून सांगताना नाणी, फासे आणि पत्ते यांचा आधार घेण्याची प्रथा आहे. हे आधार सोयीचे असले, तरी त्यांत कोणाचे काही पणास लागलेले नसते. ज्याचे पर्याय अवघे दोन आहेत, ज्यासाठी विचारास अर्धे मिनिटही मिळत नाही आणि ज्याच्या फलिताची चर्चा पुढे वर्षानुवर्षे होत राहते, असा एक निर्णय अमेरिकन फुटबॉलमध्ये आढळतो. त्याचे विवेचन संभाव्यताशास्त्राच्या अभ्यासकास उद्बोधक वाटेल.

या खेळात चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेला, की ‘टचडाउन’ होते व संघास ६ गुण मिळतात. त्यानंतर त्याच संघाला एक अधिक संधी दिली जाते. किक मारून चेंडू उभ्या खांबांमधून पलीकडे धाडल्यास १ गुण मिळतो. पळत जाऊन अथवा फेक झेलून तो पुन्हा गोलरेषेपलीकडे नेल्यास २ गुण मिळतात. हा दुसरा पर्याय विद्यापीठीय खेळात १९५८ साली आला आणि व्यावसायिक नॅशनल फुटबॉल लीगने तो १९९४ साली स्वीकारला. विद्यापीठीय सामन्यात हा प्रयत्न गोलरेषेपासून ३ यार्डांवरून, तर व्यावसायिक सामन्यात २ यार्डांवरून होतो. किक बहुधा चुकत नाही. दोन गुणांचा प्रयत्न मात्र स्थूलमानाने दोहोंत एकदाच साधतो.

निर्धारित वेळेअंती गुण समसमान झाले, तर पूर्वी विद्यापीठीय सामने अनिर्णित राहत. २ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या ऑरेंज बोलच्या सामन्यात मायामीविरुद्ध नेब्रास्काने अखेरच्या मिनिटात टचडाउन करून गुणसंख्या ३१–३० वर आणली. एका गुणाची किक मारली असती, तर बरोबरी होऊन अपराजित नेब्रास्काला राष्ट्रीय विजेतेपद बहुधा मिळाले असते. तरीही प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. तो फसला आणि सामना हातचा गेला.

१९९६ च्या हंगामापासून विद्यापीठीय खेळाच्या वरिष्ठ श्रेणीत जादा डाव सार्वत्रिक झाले. प्रत्येक डावात दोन्ही संघांना प्रतिपक्षाच्या २५ यार्डांच्या रेषेपासून एकेक चढाई मिळते. तीनंतरही बरोबरी राहिल्यास पुढचा डाव सुरू होतो. या पद्धतीतील सर्वांत गाजलेला निर्णय १ जानेवारी २००७ रोजी फिएस्टा बोलमध्ये घेतला गेला. ओक्लाहोमाने जादा डावात टचडाउन व किक यांच्या साह्याने ४२–३५ अशी आघाडी घेतली. दुबळा समजल्या जाणाऱ्या बॉइझी स्टेटने टचडाउनने उत्तर दिल्यावर प्रशिक्षक क्रिस पीटरसन यांनी किक नाकारली. चेंडू फेकण्याची हुलकावणी देऊन तो पाठीमागून इयान जॉन्सनच्या हाती सोपविण्यात आला आणि सामना ४३–४२ असा जिंकला गेला.

या निर्णयास धाडस म्हणण्याची रीत आहे. परंतु ते धाडस कितपत होते, हे मोजून पाहता येते. दोन गुणांचा प्रयत्न सफल होण्याची संभाव्यता ‘स’ मानू. किक यशस्वी होण्याची ‘क’ आणि बरोबरीनंतर पुढील डावांत विजय मिळण्याची ‘ज’. दुसऱ्यांदा चढाई करणाऱ्या संघाने दोन गुणांचा प्रयत्न केल्यास विजयाची संभाव्यता ‘स’ इतकी राहते. किक मारल्यास ती ‘क’ व ‘ज’ यांच्या गुणाकाराइतकी होते. कारण किक साधली तरी विजय अद्याप दूरच असतो. शंभरांत ९६ किक साधतात आणि संघ तुल्यबळ आहेत असे मानल्यास हा गुणाकार ०.४८ येतो. म्हणजेच शंभरांत ४८ हून अधिक वेळा दोन गुण मिळविण्याची ज्याची क्षमता आहे, त्याने किक मारणे हेच अधिक धोक्याचे ठरते. किकमुळे पराभव टळत नाही, तो केवळ लांबणीवर पडतो.

प्रत्यक्षात ‘ज’ची किंमत निम्म्याहूनही किंचित कमी असावी असे मानण्यास कारण आहे. दुसऱ्यांदा चढाई करणाऱ्यास आपल्याला नेमके किती गुण हवेत हे ठाऊक असते. पुढील डावात क्रम सामान्यतः उलटतो आणि हा लाभ प्रतिपक्षाकडे जातो. संघ दुबळा असेल, तर ‘ज’ आणखी घटते. ती ०.४० धरल्यास उपर्युक्त सीमा ०.३८ च्या आसपास येते. दुबळ्या संघाची ‘स’ही कमी असेल, हे खरे, तथापि बलाबलातील अंतर एका चालीत जितके प्रकट होते, त्याहून अधिक ते दीर्घ झुंजीत प्रकट होते. म्हणून दुबळ्याने झुंज आखूड करावी, हे पीटरसन यांच्या निर्णयामागील तत्त्व गणितास संमत आहे.

मग प्रथम चढाई करणाऱ्या संघानेही टचडाउननंतर दोन गुणांचाच मार्ग धरावा काय? येथे उत्तर वेगळे येते. किक निश्चित, संघ तुल्यबळ आणि ‘स’ निदान निम्मी असे मानू. प्रतिपक्ष टचडाउन करील याची संभाव्यता ‘ट’ असू द्या. पहिल्या संघाने किक मारल्यास प्रतिपक्ष टचडाउन करून दोन गुणांचा प्रयत्न करील. पहिल्याच्या पराभवाची संभाव्यता ‘ट’ गुणिले ‘स’ होईल. दोन गुणांचा प्रयत्न फसला, तर प्रतिपक्षाचे टचडाउन व किक पराभवास पुरेशी आहेत. साधला, तर प्रतिपक्षास आधी दोन गुणांनी बरोबरी साधून मग पुढे जिंकावे लागेल. म्हणून पराभवाची संभाव्यता ‘ट’ गुणिले (१ – स + स²/२) इतकी येते. दोन्ही राशींची तुलना करताना ‘ट’ उभयपक्षी लोपते आणि सीमा २ – √२, म्हणजे सुमारे ०.५८६ मिळते. दुसऱ्या संघास निम्मे यश पुरेसे असताना पहिल्यास शंभरांत जवळजवळ ५९ वेळा यश मिळाले पाहिजे. निर्णय तोच, चेंडूही त्याच रेषेवर. परंतु केवळ क्रमामुळे शहाणपणाची व्याख्या बदलते.

नियमकर्त्यांनीही हा प्रश्न क्रमशः आटोक्यात आणला आहे. १९९७ पासून तिसऱ्या जादा डावापासून दोन गुणांचा प्रयत्न सक्तीचा झाला. २०१८ साली टेक्सस ए अँड एमने लुइझियाना स्टेटवर सात जादा डावांनंतर ७४–७२ असा विजय मिळविला. तेव्हा खेळाडूंच्या अतिश्रमाचा प्रश्न ऐरणीवर आला. २०१९ मध्ये पाचव्या जादा डावापासून चढाया रद्द होऊन केवळ दोन गुणांचे आळीपाळीचे प्रयत्न उरले. २०२१ मध्ये सक्ती दुसऱ्या डावापासून आणि आळीपाळी तिसऱ्यापासून लागू झाली. त्याच वर्षी इलिनॉयने पेन स्टेटला २०–१८ असे हरविले, तेही नवव्या जादा डावात! तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत एकाही संघाचा प्रयत्न साधला नव्हता. श्रम मात्र प्रत्येक डावात दोनच चालींचे होते. आता विद्यापीठीय खेळात निवडीचे स्वातंत्र्य पहिल्या जादा डावापुरतेच उरले आहे.

व्यावसायिक खेळात उलट हा प्रश्न नव्याने जन्मास आला आहे. पूर्वी जादा वेळेत पहिल्याच चढाईत टचडाउन झाले, की सामना तेथेच संपे. २०२२ पासून बाद फेरीत आणि २०२५ पासून नियमित हंगामातही दुसऱ्या संघास उत्तराची संधी मिळते. त्याने टचडाउन व किक यांनी बरोबरी साधली, तर चेंडू पुन्हा पहिल्या संघाकडे जातो आणि यापुढे प्रथम गुण मिळविणारा विजयी ठरतो. अर्थात येथे ‘ज’ निम्म्याहून कमी असते आणि दोन गुणांच्या प्रयत्नाचा पक्ष अधिकच बळकट होतो.

प्रशिक्षक तरीही किककडे झुकतात, याचे कारण गणितात शोधून सापडणार नाही. दोन गुणांचा प्रयत्न फसला, तर पराभवाचे उत्तरदायित्व एका व्यक्तीवर येते. पुढील डावात हरल्यास ते साऱ्या संघात वाटले जाते. नेब्रास्काचा पराभव आणि बॉइझी स्टेटचा विजय यांत निर्णयाचे स्वरूप एकच होते, फलित तेवढे भिन्न झाले. निर्णयाची योग्यता त्याच्या फलितावरून ठरवू नये, हा संभाव्यताशास्त्राचा प्राथमिक पाठ त्या तीन यार्डांच्या अंतरात सामावलेला आहे.