प्रतिकृतींची शाळा (भाग ६) : निजामाच्या दस्तारीचं स्पिटफायर

मागच्या भागात आपण किटमधले सुटे भाग, गोंद आणि हत्यारं यांची ओळख करून घेतली. आता विमान निवडायचं. अमरावती-अकोल्याच्या वाचकाने पहिलं लढाऊ विमान कोणतं करावं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे : ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं स्पिटफायर. या स्क्वाड्रनच्या नावात ‘हैदराबाद’ होतं, आणि हैदराबादचा निजाम तेव्हा कागदोपत्री वऱ्हाडचाही धनी होता.

हा धागा जुना आहे. इंग्रजांच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च निजामाकडे थकला म्हणून १८५३च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या फौजेची एक छावणी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला होती. १९०२ मध्ये दरसाल २५ लाख रुपयांच्या बोलीवर प्रांताचा कायमचा पट्टा झाला आणि पुढच्याच वर्षी तो कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला गेला. निजामाचं सार्वभौमत्व मात्र कागदावर टिकलं. १९३६च्या करारात ते पुन्हा मान्य झालं आणि युवराज आझम जाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले.

तीन वर्षांनी महायुद्ध पेटलं. ऑक्टोबर १९३९ मध्ये १५२ स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली, तिला निजामाच्या देणगीमुळे हैदराबादचं नाव मिळालं. तिच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार, म्हणजे पगडी, आहे आणि खाली ‘विश्वासू दोस्त’ या अर्थाचं ब्रीद. इंग्रजांनी निजामाला दिलेल्या पदवीतलेच हे शब्द. १९४०च्या उन्हाळ्यात ही स्क्वाड्रन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलहून जर्मन विमानांशी लढली. १९४३ संपता संपता ती भारतात आली आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. अकोल्याजवळची शिवणीची धावपट्टीही त्याच १९४३ सालची.

म्हणजे एकाच स्क्वाड्रनची दोन वेगळी स्पिटफायर करता येतात. खोक्यावर नुसतं ‘स्पिटफायर’ वाचून किट घेऊ नका, पुढचा मार्क क्रमांक वाचा. १९४०चं विमान मार्क १. त्याचा पंखा तीन पात्यांचा, पंखांत आठ मशीनगन. पोटाखाली पाहिलंत तर एका पंखाखाली रुंद रेडिएटर आणि दुसऱ्याखाली तेल थंड करणारी बारीक नळी दिसेल. ब्रह्मदेशातलं विमान मार्क ८. पंखा चार पात्यांचा, दोन्ही पंखांखाली सारखेच रुंद रेडिएटर, शेपटीचं चाकही उडताना आत जाणारं. मार्क १च्या किटवर ब्रह्मदेशची चिन्हं चिकटवली तर जाणकार एका नजरेत ओळखतो.

प्रमाण १:७२ घ्या. या मापात सहा फुटी माणूस बरोबर एक इंच उंच होतो. स्पिटफायरच्या पंखांचा खरा विस्तार ३६ फूट १० इंच, तो साधारण साडेपंधरा सेंटिमीटर होतो. विमान तळहातावर मावतं, तरीही कॉकपिटमधली बैठक आणि दांडा रंगवण्याइतकी जागा उरते.

आता डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हं. माझ्या मते किटमधला सर्वांत बोलका भाग हाच. १९४०च्या विमानावरच्या वर्तुळात मधोमध लाल ठिपका आहे. ब्रह्मदेशातल्या विमानावर लाल रंग औषधालाही सापडत नाही, तिथे गडद निळा आणि फिकट निळा एवढेच. जपानी विमानांवर लाल गोळा असे. घाईत आपलंच विमान शत्रूचं समजून पाडलं जाऊ नये म्हणून हा बदल झाला. १५२च्या मार्क ८ विमानांवर तर या निळ्या वर्तुळावरून झेपावणारा काळा बिबट्या रंगवलेला असे. मेळघाटच्या शेजारी राहणाऱ्या मुलांना हे डिकल लावताना वेगळाच हुरूप येईल.

आपल्या हवेचा विचार मात्र करा. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो. दुपारी रंगवायला बसलात तर अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पहाटे बसा, रंग पातळ ठेवा, दोन-तीन हात द्या. डिकल लावताना पंखा बंद करा, नाहीतर चिन्ह जागेवर सरकण्याआधीच सुकतं. तयार मॉडेल खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, प्लास्टिकचे पंख वाकतात. पावसाळी दमट दिवशी लॅकरचा फवारा टाळा, त्यावर दुधाळ झाक येते.

शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांना आणि एनसीसीच्या एअर विंगमधल्या मुलांना माझी विनंती आहे : विमान जोडण्याआधी त्याच्या स्क्वाड्रनचा इतिहास वाचा आणि मॉडेलखाली चार ओळींची पट्टी लावा. त्या चार ओळींत एलिचपूरची छावणी आणि २५ लाखांचा पट्टा यांचा उल्लेख असू द्या. पाहुण्याला स्पिटफायर दाखवताना वऱ्हाडचा इतिहासही सांगितला जाईल.

पुढील भागात : ब्रशने सपाट रंग कसा द्यावा.