थेंबे थेंबे तळे साचे. पण तळे कोणाचे?

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण सारे प्राथमिक शाळेपासून घोकत आलो. पण तळे साचल्यावर त्यावर हक्क कोणाचा, हे म्हण सांगत नाही. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मात्र हाच प्रश्न आधी विचारावा लागतो. पैसा आणला कोणी, आणि कागदावर सही कोणाची?

आमच्या गल्लीतलेच उदाहरण घ्या. उत्सवाची वर्गणी गोळा करायला घरोघर मुलीच फिरतात. माझी अक्का सगळा हिशेब वहीत लिहून ठेवते, एक पैसाही चुकत नाही. पण बैठक भरली की अक्का चहाचे कप घेऊन आत येते आणि कप ठेवून बाहेर जाते. यात काही वावगे आहे असे मलाही पूर्वी कधी वाटले नव्हते. नॅनी हेलन बरोज या अमेरिकेतील कृष्णवर्णीय बाईंचे चरित्र वाचले, तेव्हा प्रथम वाटले.

अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, हे वाचकांना ठाऊक असेलच. बेड्या तुटल्या, पण दारे उघडली नाहीत. कृष्णवर्णीय मुलींपुढे तर दुहेरी भिंत होती. एक गोऱ्यांनी घातलेली, दुसरी आपल्याच समाजातील पुरुषांनी.

नॅनी बरोज यांचा जन्म १८७९ च्या सुमारास व्हर्जिनियातील ऑरेंज या गावी झाला. त्या आईबरोबर वॉशिंग्टनला आल्या आणि १८९६ साली तेथील हायस्कुलातून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाल्या. शहरातील शाळेत गृहशास्त्राचे काम मिळेल अशी त्यांची आशा होती. ते मिळाले नाही. आपला वर्ण अधिक काळा आणि पाठीशी वशिला नाही, हे त्यांना उमगले. ज्या मुलींना कोणाची शिफारस नाही अशांसाठी आपणच एक शाळा काढायची, असे त्यांनी तेव्हाच मनात धरले.

पोटासाठी त्यांनी कारकुनी केली. लुईव्हिल येथे नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या परदेश-प्रचार मंडळाच्या कचेरीत त्या काम करू लागल्या. बॅप्टिस्ट चर्चमध्ये बायकांची संख्या मोठी होती. निधी जमवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा, रविवारची शाळा ही कामे त्याच करीत. निर्णय मात्र पुरुषांचे. १९०० साली रिचमंड येथे कन्व्हेन्शनचे अधिवेशन भरले, तेव्हा नॅनीबाई उभ्या राहिल्या आणि भगिनींना मदत करण्यापासून कसे अडवले जाते, या विषयावर त्यांनी भाषण केले. वय अवघे एकवीस! माझ्याहून एकाच वर्षाने मोठे. त्याच अधिवेशनात महिलांची स्वतंत्र शाखा स्थापन झाली आणि नॅनीबाई तिच्या चिटणीस झाल्या. ते पद त्यांनी १९४८ पर्यंत सांभाळले आणि त्यानंतर १९६१ साली मृत्यू येईपर्यंत त्या अध्यक्ष होत्या.

आता नेतृत्व शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे? नॅनीबाईंच्या कामात याची तीन अंगे दिसतात.

पहिले अंग म्हणजे बोलण्याची सवय. १९०६ साली त्यांनी चर्चमध्ये 'महिला दिन' पाळण्याची सूचना मांडली. वर्षातून एका रविवारी बायकांनीच व्यासपीठावर बोलायचे, त्यासाठी आधी तयारी करायची. यातून निधी जमेल तो जमेल, पण मुख्य हेतू स्त्रिया घडवण्याचा आहे, असा त्यांचा आग्रह असे. भाषण ऐकून कोणी वक्ता होत नाही, उभे राहूनच व्हावे लागते, हे आपल्या वक्तृत्व स्पर्धांतून आपणही अनुभवतोच.

दुसरे अंग म्हणजे हाताला कसब. १९ ऑक्टोबर १९०९ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांची 'नॅशनल ट्रेनिंग स्कूल फॉर विमेन अँड गर्ल्स' ही शाळा उघडली. सुरुवातीचा बहुतेक पैसा कृष्णवर्णीयांनीच दिला, आणि तोही लहान लहान रकमांत. धुणे आणि घरकाम शास्त्रशुद्ध रीतीने शिकवले जाई. त्याबरोबर हिशेबनीसाचे काम, लघुलेखन आणि छपाईही होती. बायबल, स्नान आणि केरसुणी ही शाळेची त्रिसूत्री होती. इंग्रजीत हे तिन्ही शब्द 'बी' या अक्षराने सुरू होतात. शुद्ध आचरण, शुद्ध शरीर आणि स्वच्छ घर, असा तिचा अर्थ.

यावर कोणी विचारील की, मुलींना पुन्हा केरसुणीच हाती द्यायची, तर नेतृत्व कसले? शंका रास्त आहे. पण त्या काळी शहरातील बहुसंख्य कृष्णवर्णीय कष्टकरी स्त्रिया घरकामच करीत. ते काम सोडता येत नसेल तर त्याला धंद्याची प्रतिष्ठा आणि योग्य मोबदला मिळाला पाहिजे, अशी नॅनीबाईंची भूमिका होती. ती केवळ बोलण्यापुरती नव्हती. १९२१ साली त्यांनी मजूर स्त्रियांची एक राष्ट्रीय संघटना उभारली. आणि शाळेत प्रत्येक मुलीला आपल्या समाजाचा इतिहास शिकणे सक्तीचे होते. केरसुणी हातात असली तरी मान ताठ राहावी, म्हणून.

तिसरे अंग पैशाचे. येथे रिचमंडच्या मॅगी लीना वॉकर यांचे नाव घ्यावे लागते. त्या धोबिणीच्या कन्या. सेंट ल्यूक या परस्पर-साहाय्य संस्थेत त्यांनी १८९५ साली मुलांची शाखा काढली आणि प्रौढ स्त्रियांच्या देखरेखीखाली मुलामुलींना बचतीची सवय लावली. १८९९ साली त्या संस्थेच्या मुख्य चिटणीस झाल्या, तेव्हा तिजोरीत होते अवघे ३१ डॉलर ६१ सेंट! १९०३ साली त्यांनी 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' उघडली आणि अमेरिकेत बँक स्थापून तिचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना झाली. नॅनीबाईंच्या शाळेला याच मॅगीबाईंनी ५०० डॉलर दिले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शाळा नावारूपाला आली, तेव्हा कन्व्हेन्शनमधील पुरुष पुढारी म्हणू लागले की, ही मालमत्ता कन्व्हेन्शनच्या नावे हवी. पण नॅनीबाईंनी शाळेची सनद आधीच स्वतंत्र विश्वस्त मंडळाच्या नावे करून घेतली होती. त्या हटल्या नाहीत. वाद वर्षानुवर्षे चालला आणि १९३८ साली कन्व्हेन्शनने शाळेचा पाठिंबाच काढून घेतला. त्याआधी मंदीच्या काळात शाळा काही दिवस बंदही ठेवावी लागली होती. तरी नॅनीबाईंनी ना चर्च सोडले, ना शाळा. पुढे समेट झाला. त्यांच्या पश्चात १९६४ साली शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. शाळेची १९२८ ची 'ट्रेड्स हॉल' ही इमारत १९९१ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून घोषित झाली.

श्रद्धा माणसाला वाकवते की उभे करते, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतात. नॅनीबाईंकडे पाहून वाटते, याचे उत्तर श्रद्धेत कमी आणि व्यवस्थेत अधिक आहे. ज्या धर्मसंस्थेने त्यांना मागच्या बाकावर बसवले, तिथेच त्यांना हजारो भगिनी मिळाल्या. त्या भगिनींच्या पैशातून त्यांनी शाळा उभारली आणि शाळेची कागदपत्रे मात्र कोणाच्या हाती जाऊ दिली नाहीत. प्रार्थनेइतकीच सनद महत्त्वाची, हे त्या जाणून होत्या.

परवा हे सारे मी अक्काला वाचून दाखवले. ती क्षणभर गप्प राहिली. मग वर्गणीची वही पुढे ओढून म्हणाली, "यंदा बैठकीत हिशेब मीच वाचणार."

मित्रहो, चहाचे त्या दिवशी मी पाहीन.